एकट्याने अनेक वाद्ये मुद्रित करताना: गोव्यातील नव्या स्वतंत्र संगीतकारांसाठी

गोव्यातील मराठी घरात वाढलेल्या मुलाच्या हाती लहानपणीच एकाहून अधिक वाद्ये येतात. भजनाच्या निमित्ताने पेटी आणि पखवाज, चवथीच्या आरत्यांना घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये, शाळेत कीबोर्ड, मित्रांच्या संगतीत गिटार आणि शेजारच्या घरी कोणी व्हायोलिन वाजवत असेल तर त्याचीही ओळख होते. पूर्वी ही वाद्ये एकत्र ऐकवायची तर माणसे जमवावी लागत. आज लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणारे यंत्र), माइक आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर एकच माणूस आपल्या झोपण्याच्या खोलीत एकामागून एक वाद्य मुद्रित करून पूर्ण रचना उभी करू शकतो. अशा कामाला नुकतीच सुरुवात केलेल्या आणि त्यातून पुढे काही घडावे असे वाटणाऱ्या तरुण संगीतकारांसाठी हे मार्गदर्शन आहे. माझे म्हणणे मुळात एकच आहे: किती वाद्ये वाजवली याला ऐकणाऱ्याच्या लेखी फारसे महत्त्व नसते, त्यातले प्रत्येक वाद्य दुसऱ्याचे ऐकत वाजते आहे असे वाटले पाहिजे, आणि एकट्याने काम करताना नेमके हेच सर्वांत अवघड असते.

मुख्य वाद्य

पहिल्या दोन-तीन वर्षांत एक वाद्य मुख्य मानावे आणि ते इतके पक्के करावे की संगणकाच्या आधाराशिवाय त्याच्यावर तासभर लोकांसमोर बसता येईल. बाकीची वाद्ये रचनेच्या गरजेपुरती शिकली तरी चालतात. बासरीवर चार स्वरांची एक हरकत हवी असेल तर तेवढीच महिनाभर घोटावी. बासरीवादक म्हणवून घेण्याची घाई नको. परदेशात या वाटेने गेलेल्यांची उदाहरणे पाहिली तरी हेच दिसते. माइक ओल्डफील्ड याने १९७३ च्या आपल्या पहिल्या अल्बमसाठी बहुतेक वाद्ये स्वतः वाजवली, पण त्याचा हात मुळात गिटारवर बसलेला होता. त्या संगीताचे पहिले कच्चे मुद्रण त्याने घरीच, उसन्या टेपरेकॉर्डरचे पुसणारे हेड झाकून, एकावर एक थर चढवत केले होते. जेकब कॉलियरचा २०१६ चा पहिला अल्बम लंडनमधल्या घरातल्या एका खोलीत तयार झाला, आणि तिथेही पायाभूत गोष्ट म्हणजे सुरावटींच्या मेळाची त्याची जाण होती. आपल्याकडे तर लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांसारखा माणूस होऊन गेला, ज्यांच्या हातापायांवर एकाच वेळी वेगवेगळे ताल चालत. त्या सिद्धीमागे एकाच विषयाचा, लयीचा, ध्यास होता हे विसरू नये.

खोली आणि पावसाळा

चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या घरात मुद्रण करणाऱ्याने वर्षाची आखणी हवामान पाहून करावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कौलांवर किंवा पत्र्यावर कोसळणारा पाऊस, रात्रभर ओरडणारे बेडूक आणि रातकिडे संवेदनशील माइकमध्ये हमखास उतरतात. म्हणून या महिन्यांत चाली बांधणे, रियाज, मिक्सिंग आणि तारेने थेट जोडता येणारी वाद्ये, म्हणजे बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार आणि कीबोर्ड, यांचे काम उरकावे. बासरी, अकूस्टिक गिटार, व्हायोलिन आणि गळा ऑक्टोबरनंतरसाठी राखून ठेवावा. कोरड्या दिवसांतही शांत वेळ शोधावीच लागते. त्यासाठी एक दिवसभर खोलीत मुद्रण चालू ठेवून नंतर त्याचा आलेख पाहावा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, देवळातली घंटा, शेजाऱ्याचा पंप आणि रस्त्यावरची वर्दळ यांच्यामधल्या मोकळ्या जागा त्यात स्पष्ट दिसतात. पंखा बंद ठेवावा आणि फ्रिजचा आवाज खोलीपर्यंत येत असेल तर दार बंद करून खालच्या फटीत जाड कापड सारावे.

खोलीचा स्वतःचा आवाज ही दुसरी अडचण आहे. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवली की जो थरथरता प्रतिध्वनी येतो, तो प्रत्येक ट्रॅकवर बसतो, आणि दहा ट्रॅक एकत्र आले की तोही साचून ठळक ऐकू येतो. दारावर लटकवलेल्या जाड गोधड्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आणि भिंतीला टेकवलेली कापसाची गादी यांनी हा वरच्या पट्टीतला प्रतिध्वनी बराच कमी होतो. खर्जाचे तसे नाही. सुमारे ३.४ मीटर लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीजवळ आणि कोपऱ्यांत फुगतो, आणि गोधड्यांचा त्यावर काही परिणाम होत नाही. म्हणून माइक कोपऱ्यात किंवा भिंतीला लागून ठेवू नये, आणि खोलीच्या अगदी मध्यबिंदूवरही नको. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला आजही दिला जातो, परंतु त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दमट हवेपासून वाद्ये जपणे हे गोव्यातील संगीतकाराच्या कामाचाच भाग आहे. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती कितीतरी वर जाते. त्यामुळे गिटार बंद पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, कंडेन्सर माइक काम झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात घालावा, आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, कारण समुद्राकडच्या हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटाच्या वेळी सगळी यंत्रे भिंतीतल्या सॉकेटमधून काढून ठेवावीत. प्रत्येक कामाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात.

साहित्याविषयी थोडक्यात

दोन माइक एकदम जोडता येतील आणि कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा देईल असा इंटरफेस, एक साधा डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर माइक आणि कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन, एवढे पुरते. सॉफ्टवेअरमध्ये ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. रीपर ६० दिवस वापरून पाहता येते आणि व्यक्तिगत वापरासाठी त्याचा परवाना ६० डॉलरचा आहे. मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे, आणि सर्वांत मोठा आघात उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच आवाज चढवावा. पहिल्या वर्षी याहून अधिक पैसे खर्च करायचे असतील तर ते वाद्यांच्या दुरुस्तीवर आणि गुरूच्या शिकवणीवर करावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

लय आणि मुद्रणाचा क्रम

एकट्याने केलेल्या मुद्रणात खरा दोष बहुधा लयीत असतो, आणि तो करणाऱ्यालाच ऐकू येत नाही. तिहाई (सलग तीनदा वाजवलेला एकच तुकडा) संपवून समेवर येताना घाई करण्याची सवय एखाद्याला असेल, तर ती त्याच्या पखवाजात उतरते, गिटारच्या आघातात उतरते आणि टाळांतही उतरते. सगळी वाद्ये एकाच जागी एकत्र पळतात, एकमेकांशी जुळतात, आणि त्यामुळे सारे ठीक आहे असा भास होतो. याच्या उलट प्रकारही घडतो: ज्या वाद्यावर हात कच्चा आहे ते किंचित उशिरा येते, बासरीत फुंकर मारल्यापासून स्वर उमटेपर्यंत क्षणाचा अवकाश जातो, आणि असे चार-पाच लहान उशीर एकत्र आले की रचना चिखलात रुतल्यासारखी वाटते.

यावर उपाय मुद्रणाच्या क्रमात आहे. सुरुवातीला मुख्य वाद्यावर किंवा गळ्यावर संपूर्ण रचना क्लिकशिवाय, म्हणजे हेडफोनमधल्या यंत्राच्या ठोक्याशिवाय, मनात ठेका धरून, एका दमात मुद्रित करावी. असे पाच-सहा टेक घेऊन त्यातला जो श्वास घेतल्यासारखा वाटेल तो निवडावा. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या टेकमधल्या प्रत्येक समेवर खूण करून त्यावरून लयीचा नकाशा तयार करावा, म्हणजे क्लिक आपल्या गाण्यामागे चालेल आणि अंतऱ्याला चढलेली किंचित लय तशीच टिकेल. भजनाचे संस्कार असलेल्या संगीताला ही पद्धत विशेष मानवते, कारण भजनी ठेक्यात अभंग पुढे सरकतो तशी लय चढत जाणे हा त्याचा स्वभावच आहे आणि यंत्राच्या ठाम क्लिकवर बसवला की तो निर्जीव होतो. तरीही शिस्तीसाठी आरंभीच्या काही रचना ठाम क्लिकवर कराव्यात. आपण कुठे पळतो हे तिथे उघडे पडते.

या वाटाड्या ट्रॅकवर आधी तालवाद्य वाजवावे, मग खर्ज सांभाळणारे वाद्य, मग मेळ धरणारी गिटार किंवा पेटी, आणि शेवटी मुख्य सुरावट पुन्हा नव्याने मुद्रित करून वाटाड्या टेक काढून टाकावा. नवीन वाद्य मुद्रित करताना हेडफोनमध्ये केवळ ताल आणि खर्ज ऐकावा, बाकी सर्व बंद ठेवावे. नाही तर आधीच्या वाद्याची चूक कान आपोआप खरी मानतो. एका दिवशी एकच वाद्य हाती घ्यावे. पखवाजावर तासभर राबलेला हात लगेच गिटारच्या तारेवर नीट चालत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मनाला एका वादकाच्या भूमिकेतून बाहेर पडायला वेळ लागतो. हा बासरीवाला जरा मागे रेंगाळणारा आहे, हा टाळकरी उत्साही आहे, अशी प्रत्येकाची प्रकृती वाजवण्याआधी ठरवून घेतली तर थरांमध्ये खरा संवाद निर्माण होतो.

ठेक्याचे एक आवर्तन उत्तम वाजवून तेच पुढे चार मिनिटे चिकटवत जाण्याचा मोह टाळावा. पूर्ण चार मिनिटे वाजवावे. दहाव्या आवर्तनात हात जे आपसूक बदलतो तेच ऐकणाऱ्याला धरून ठेवते. चुकलेला आघात तेवढा जागेवर सरकवावा, संपूर्ण ट्रॅक यंत्राच्या रेघांवर बसवू नये. आणि या सर्वांहून उपयोगी शिक्षण खोलीबाहेर आहे: गावच्या भजनात आठवड्यातून एकदा तरी बसावे. दुसऱ्या माणसाच्या पखवाजाबरोबर पेटी धरताना कानाला जी सवय लागते, ती कोणत्याही क्लिकने लागत नाही.

तांत्रिक बाजूची एक तपासणी आवश्यक आहे. संगणकातून आवाज जाऊन परत येण्यात काही मिलिसेकंद जातात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांच्या एका बफरला (संगणक एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या तुकड्याला) सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षातला येण्याजाण्याचा एकूण वेळ याहून जास्त असतो. वाजवताना इंटरफेसवरच्या थेट ऐकण्याच्या सोयीचा वापर करावा. तसेच इंटरफेसच्या बाहेरच्या जोडणीतून आतल्या जोडणीत एक केबल लावून क्लिक पुन्हा मुद्रित करावा, आणि मूळ क्लिकपेक्षा तो मागे किंवा पुढे पडत असेल तर तेवढा फरक सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भरावा. हे एकदाच करावे लागते.

पेटी, गिटार आणि घुमट

पेटीचे सूर घरी बदलता येत नाहीत, म्हणून रचनेत पेटी असेल तर बाकी सर्वांनी तिच्याशी जुळवून घ्यावे. गिटारचा ट्यूनर सहसा ‘ए’ हा पाश्चात्त्य स्वर ४४० हर्ट्झवर धरून बेतलेला असतो, आणि पुष्कळ पेट्या त्याहून किंचित चढ्या किंवा उतरलेल्या असतात. पेटीचा तो स्वर ४४४ वर असेल तर फरक जवळपास १६ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) होतो आणि दोन्ही एकत्र वाजताच सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. ट्यूनरवर पेटीचा आकडा शोधून तोच आधार गिटार, कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांना द्यावा. बासरी ऊब मिळाली की चढते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे वाजवल्यावरच मुद्रणाला बसावे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो; गळा किंवा व्हायोलिन जेव्हा त्या गंधारावर ठेहराव घेते तेव्हा पेटीने तिथे षड्ज-पंचम धरून राहावे.

घुमटाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याचे चांगले मुद्रण अजून फार कमी ऐकायला मिळते, आणि २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळालेल्या या वाद्यात नव्या संगीताला देण्यासारखे पुष्कळ आहे. मातीच्या या भांड्याचे मोठे तोंड चामड्याने मढवलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. थाप मोठ्या तोंडावर पडते आणि दुसरा हात उघडे तोंड कमीअधिक झाकून घुमार बदलतो. म्हणजे आघात एका टोकाला आणि खर्ज दुसऱ्या टोकाला. दोन माइक असतील तर डायनॅमिक माइक चामड्यापासून वीतभर अंतरावर तिरका धरावा आणि दुसरा उघड्या तोंडाच्या बाजूला, हवेच्या झोतातून थोडा हटवून ठेवावा. मग दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना एकाची ध्रुवता (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहावी आणि ज्या स्थितीत खर्ज भरदार राहतो ती कायम करावी. माइक एकच असेल तर तो बाजूने, दोन्ही तोंडांपासून सारख्या अंतरावर, हातभर दूर असावा. शामेळ काठ्यांनी वाजतो आणि त्याचा आवाज मोठा असल्यामुळे त्याच्यासाठी माइक आणखी दूर न्यावा. नवीन घुमट घेताना बकऱ्याच्या चामड्याचाच घ्यावा. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे.

पूर्ण करणे आणि प्रकाशित करणे

अर्धवट रचनांचा साठा हा या वाटेवरचा नेहमीचा आजार आहे, कारण थांबा म्हणणारे दुसरे कोणी खोलीत नसते. तीन ते चार मिनिटांची रचना, जास्तीत जास्त पाच वाद्ये आणि आधीच ठरवलेली तारीख, एवढी मर्यादा घालून घ्यावी. मिक्स करताना सर्वांत आधी वाद्ये कमी करून पाहावे. एखादे वाद्य बंद केल्यावर काही हरवले असे वाटत नसेल तर त्याची गरज नव्हती. स्पॉटिफाय आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आसपास आणून ऐकवते, तेव्हा मास्टर करताना, म्हणजे अंतिम प्रत तयार करताना, आवाज चेपून मोठा करण्यात काही मिळत नाही.

रचना ऐकण्याच्या सेवांवर वितरकामार्फत जाते, आणि प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक वितरकच देतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे रचना पाठवायची असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावी. पैशाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी: २०२४ पासून तिथे मागील बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या ट्रॅकला मानधन मिळत नाही. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या, १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे, कारण चाल आणि शब्द यांवरचा हक्क आणि मुद्रणावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हक्कांच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज फार पसरला आहे. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु तो अभंग ज्या चालीत आपण लहानपणापासून ऐकतो ती चाल विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि भारतात चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नाट्यपदांनाही हेच लागू आहे. म्हणून अभंग मुद्रित करायचा तर चालीचा कर्ता आधी शोधावा, परवानगी घ्यावी किंवा स्वतःची चाल बांधावी. तरुण संगीतकाराने तिसरा मार्ग धरावा असे मला मनापासून वाटते.

उपजीविका

गोव्यात आरंभीची मिळकत साथसंगत, शिकवणी, हंगामात हॉटेलांमधले वादन आणि नाटकांचे पार्श्वसंगीत यांतून होते. यातले शेवटचे काम अनेक वाद्ये येणाऱ्यासाठी सर्वांत योग्य आहे. गावोगावच्या उत्सवांतली मराठी नाटके आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा यांमुळे ही गरज सतत असते. त्यात वेळेचे बंधन असते, दिग्दर्शकाची मागणी असते, आणि अर्ध्या मिनिटात प्रसंगाचा रंग उभा करण्याचे शिक्षण मिळते. मोबदला, संगीत कोणत्या प्रयोगांसाठी दिले आहे आणि मुद्रणाची मालकी कोणाकडे राहील, हे तीन मुद्दे संदेशात का होईना, लेखी घ्यावेत. स्वरलिपी वाचायला जरूर शिकावे, भातखंडे पद्धतीची आणि पाश्चात्त्य पद्धतीचीही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांमध्ये माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीयांनी जे स्थान मिळवले, त्याच्या मुळाशी चर्चच्या शाळांमधून मिळालेले स्वरलेखनाचे शिक्षण होते.

लोकांसमोर पहिल्यांदा स्वतःचे संगीत मांडताना मुद्रणातले सर्व थर आणण्याचा प्रयत्न करू नये. चार रचना निवडून त्या मुख्य वाद्य आणि एका साथीदारापुरत्या नव्याने बांधाव्यात. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही हे धरून वेळ आखावी. साथीदाराला मूळ मुद्रण नक्कल करण्यासाठी देऊ नये. त्याला ठेका, पट्टी, प्रत्येक भागाची आवर्तने आणि थांबण्याच्या जागा एका कागदावर लिहून द्याव्यात, पहिली तालीम त्याच्या पद्धतीने होऊ द्यावी, आणि त्याने वाजवलेले जे अधिक चांगले वाटेल ते घरी जाऊन आपल्या मुद्रणात दुरुस्त करून घ्यावे.